शाळेचे मीटर मुलांना वाचू द्या

शाळेचे लाइटबिल आले की ते कार्यालयात जाते, फाइलला लागते, चेक निघतो आणि विषय संपतो. बिलात किती युनिटे लिहिली आहेत हे कारकुनांना ठाऊक असते, खजिनदारांना ठाऊक असते. ती युनिटे शाळेत कोठे आणि कोणत्या वेळी खर्च झाली हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. बिलावर ते छापलेलेच नसते, त्यामुळे यात कोणाचा दोष नाही.

येत्या सभेत विश्वस्त मंडळापुढे विजेशी संबंधित तीन विषय आहेत. वर्गांतील जुने पंखे बदलणे, संगणक कक्षात एसी बसवणे आणि गच्चीवर सौर पॅनेल घालणे. तिन्ही कामे खर्चाची आहेत आणि पैसा माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून यायचा आहे. आमचे मत असे आहे की यांपैकी एकही निर्णय घेण्यापूर्वी शाळेचे मीटर एका संगणकाला जोडावे, एक सत्रभर त्याची नोंद आठवी-नववीच्या मुलांनी ठेवावी आणि ती सर्वांना दिसेल अशी सूचनाफलकावर लावावी. हे काम काही शे रुपयांत होते. ते कसे होते आणि आम्ही त्याचा आग्रह का धरतो, ते येथे सांगतो.

ज्यांची शाळा पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी झाली त्यांना ॲल्युमिनियमची फिरणारी चकती असलेले मीटर आठवत असेल. 1889 मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील ओटो ब्लाथी यांनी त्या जातीच्या मीटरचे पेटंट घेतले आणि पुढे शंभर वर्षे जगभर तेच चालले. चकतीवर एक काळी खूण असे. इस्त्री लावली की ती खूण भरभर फिरू लागे आणि घरातली वडील मंडळी ओरडत. विजेचा वापर डोळ्यांना दिसत होता. आता चकती गेली. तिच्या जागी आला मीटरच्या तोंडावरचा बारीक लाल दिवा. तोही चकतीचेच काम करतो, पण त्याची भाषा आपल्याला कोणी शिकवली नाही.

या दिव्याशेजारी बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. घरच्या एक फेजच्या मीटरवर तो 3200 किंवा 1600 असा काही आढळेल. शाळेच्या तीन फेजच्या मीटरवर तो 800 आहे. म्हणजे दिवा 800 वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. एक युनिट म्हणजे एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले असता लागणारी वीज, 36 लाख ज्यूल. त्याला 800 ने भागले की एका लुकलुकीमागे 4500 ज्यूल येतात. म्हणून दोन लुकलुकींमधले सेकंद मोजावेत आणि 4500 ला त्या सेकंदांनी भागावे. त्या क्षणी शाळा किती वॉट वीज घेत आहे ते निघाले. आठवीच्या मुलाला हा भागाकार येतो. विद्यार्थी मित्रहो, घरी जाऊन आपल्या मीटरवरचा आकडा पाहा आणि 36 लाखांना त्याने भागा. 3200 असेल तर 1125 येईल. आईला मिक्सर लावायला सांगा आणि सेकंद मोजा. मात्र मीटरची पेटी उघडायची नाही, काचेतूनच पाहायचे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या काही मुलांनी विज्ञानाच्या बाईंबरोबर येऊन हेच केले. शाळा बंद, वर्ग बंद, एकही पंखा चालू नाही. तरी दिवा साधारण दर 15 सेकंदांना एकदा लुकलुकत होता. 4500 भागिले 15, म्हणजे 300 वॉट. 300 वॉट म्हणजे काहीच नाही, असे एकदम वाटते. पण ते रात्रंदिवस आहेत. दिवसाला 7.2 युनिटे, आणि दिवाळीच्या 21 दिवसांच्या सुट्टीत 151 युनिटे, जेव्हा शाळेत एकही मूल नव्हते.

आता हा आकडा पंख्यांच्या विषयाशेजारी ठेवून पाहू. जुना छताचा पंखा साधारण 75 वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. साठ पंखे बदलले तर 2700 वॉट वाचतील. शाळा वर्षाला 200 दिवस आणि दिवसाला सहा तास, म्हणजे 1200 तास चालते असे धरू. बचत 3240 युनिटांची. चांगली बचत आहे, आणि पंखे बदलू नयेत असे आमचे म्हणणे नाही. पण वर्षाचे एकूण तास 8760. त्यांतील शाळेचे 1200 वजा केले तर 7560 तास शाळा बंद असते. त्या बंद शाळेत 300 वॉट चालू राहिले तर 2268 युनिटे होतात. साठ पंखे बदलून जे मिळवायचे त्याच्या दोन तृतीयांशांहून अधिक वीज बंद शाळेत, कुलपाआड, खर्च होत असेल! पंखे बदलायला दीड-दोन लाख रुपये लागतील. पाण्याच्या कूलरचे बटण शनिवारी दुपारी बंद करायला काहीच लागत नाही.

अर्थात तो 300 वॉट सगळा वाया जातो असे नाही. कॅमेरे रात्रीही चालू हवेत, फाटकावरचा दिवा हवा. पण त्यांत कूलर किती, संगणक कक्षातील यूपीएस किती, कार्यालयातील झेरॉक्स मशीन किती, हे एकदा स्टॉपवॉच घेऊन उभे राहिल्याने कळणार नाही. कूलर थोडा वेळ चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. रात्री दोन वाजता कोण मोजत बसणार? येथे संगणकाची गरज लागते.

मीटर संगणकाला जोडण्याचे मार्ग दोन. पहिला मीटरच्या स्वतःच्या दारातून जाणारा. आजच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरांच्या तोंडावर दोन बारीक गोल ठिपके असतात. ती अवरक्त प्रकाशाची जागा. चुंबकाने चिकटणारी एक चकती तेथे लावायची, तिची वायर संगणकाला जोडायची, आणि मीटरशी संगणक प्रकाशाच्या खुणांनी बोलू लागतो. मीटरमध्ये नुसते एकूण युनिट साठवलेले नसते. दर अर्ध्या किंवा पाव तासाचा वापर, व्होल्टेज, सर्वाधिक मागणी, वीज कधी गेली आणि कधी आली, मीटरचे झाकण कधी उघडले गेले, हे सगळे तारीखवार असते. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या मीटरची भाषा वेगळी होती आणि प्रत्येकीचे सॉफ्टवेअर निराळे. आपल्या देशात 2011 मध्ये आयएस 15959 हे मानक आले आणि सर्व मीटरांनी डीएलएमएस नावाची एकच भाषा बोलावी असे ठरले. पण भाषा एक झाली तरी दाराला कुलूप आहेच. बहुतेक माहिती परवलीच्या शब्दाशिवाय उघडत नाही आणि तो शब्द वीज कंपनीकडे असतो. तो मागून पाहण्यास हरकत नाही, परंतु मिळेपर्यंत वाट पाहत बसू नये.

दुसरा मार्ग साधा आहे आणि आम्हाला तोच पसंत आहे. लाल दिव्यासमोर प्रकाश ओळखणारा एक छोटा सेन्सर काळ्या चिकटपट्टीने बसवायचा. दिवा लुकलुकला की सेन्सर कळवतो. आर्डुइनोसारखे एखादे छोटे सर्किट त्या लुकलुकी मोजते आणि प्रत्येक मिनिटाची बेरीज संगणकाकडे पाठवते. संगणकावर एक साधा प्रोग्राम ती बेरीज तारीख-वेळेसह फाइलमध्ये लिहितो, आणि स्प्रेडशीटमध्ये त्याचा आलेख काढता येतो. यात मीटरच्या एकाही तारेला हात लागत नाही, सील तुटत नाही, परवलीचा शब्द लागत नाही. दिवा तर सर्वांसमोर उघड लुकलुकत आहे. आपण त्याच्याकडे टक लावून पाहणारा एक न थकणारा डोळा बसवला, एवढेच.

हा डोळा फसतोही. चिकटपट्टी सैल झाली आणि दुपारचे ऊन आत शिरले तर लुकलुकी चुकतात. एक लुकलुक दोनदा मोजली जाऊ शकते. वीज गेली की मोजणारेही बंद पडते, अर्थात तेव्हा मीटरही थांबलेले असते. पण संगणक मध्येच कोणी बंद केला आणि मोजणी सर्किटात न साठता संगणकातच होत असेल, तर तेवढा काळ हरवतो. म्हणून मोजणी सर्किटातच करावी, आणि रोज सकाळी प्रार्थनेपूर्वी दोन मुलांनी मीटरच्या पडद्यावरचे युनिट वहीत लिहावे. कालच्या आणि आजच्या वाचनातला फरक गुणिले 800 ही संख्या संगणकाच्या मोजणीशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर का नाही, याचा शोध घ्यावा. आमच्या मते या सगळ्या उद्योगातला मुलांसाठी सर्वांत मोलाचा भाग हाच. पाठ्यपुस्तकातील प्रयोगाचे उत्तर आधी ठरलेले असते, मुले निरीक्षणे त्या उत्तराला जुळवून लिहितात, आणि आपण सर्वजण हे जाणून असतो. येथे उत्तर कोणालाच ठाऊक नाही.

आता आक्षेपांकडे वळू. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी आम्हाला सांगितले की विजेच्या मीटरपाशी मुले नकोत. त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. 2003 च्या विद्युत कायद्यानुसार मीटरशी छेडछाड करणे हा गुन्हा आहे, आणि विजेचा धक्का कायदा पाहत नाही. म्हणून सेन्सर बसवण्याचे काम परवानाधारक वायरमनच्या आणि शिक्षकांच्या हातूनच व्हावे, वीज कंपनीच्या कार्यालयास तसे आधी पत्राने कळवावे, आणि सर्किट बारीक व्होल्टेजवर चालणारे असावे. मुलांचे काम संगणकापाशी. सकाळचे वाचन काचेतून. एवढी शिस्त पाळली तर यात प्रयोगशाळेतील ॲसिडच्या बाटलीपेक्षा अधिक धोका नाही.

दुसरा आक्षेप पालकांकडून आला, आणि तो अधिक विचार करण्यासारखा आहे. आता स्मार्ट मीटरे येत आहेत, मोबाइलवर रोजचा वापर दिसतो, मग हा खटाटोप कशाला? याचे उत्तर देताना 2024 चा मे महिना आठवावा लागतो. आपल्या बडोद्यात त्या महिन्यात स्मार्ट मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. नवे मीटर जुन्यापेक्षा भरभर पळते, रिचार्जचे पैसे दोन दिवसांत संपतात, अशी तक्रार घरोघरी होती. ती सर्वत्र खरी होती की नव्हती यात आम्ही शिरत नाही. आम्हाला जाणवले ते निराळेच. जुन्या मीटरवर आपल्या घराची वीज दिवसाला किती जात होती हे तक्रार करणाऱ्या फारच थोड्यांना सांगता येत होते. तुलना करायला जुना आकडाच नव्हता. रागाला आधार होता, पण वही नव्हती. 1 एप्रिल 2005 रोजी जीईबीची विभागणी होऊन निरनिराळ्या कंपन्या झाल्या. तरी आपण आजही 'जीईबीचे बिल' म्हणतो आणि जीईबीच्या काळासारखेच ते न वाचता भरतो.

नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत, ते वापरायला मात्र आकडे लागतात. केंद्र सरकारचे वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम 2020 मध्ये आले. 2024 च्या दुरुस्तीत असे घातले आहे की मीटरचे वाचन प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी ग्राहकाची तक्रार आली, तर कंपनीने पाच दिवसांत जोडीला दुसरे मीटर बसवून किमान तीन महिने पडताळणी करावी. 'प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही' हे म्हणणार कसे? ज्या शाळेतून दरवर्षी शंभर मुले आपल्या घरच्या मीटरचा लाल दिवा वाचायला शिकून बाहेर पडतील, तिच्या आसपासच्या गल्ल्यांत तक्रार करणारा माणूस हातात वही घेऊन जाईल, आणि पुष्कळदा वही पाहून तक्रार न करताच परत येईल. दोन्ही चांगलेच.

आणि मोबाइलवरचे ॲप शाळेच्या बाबतीत कोणाच्या मोबाइलवर येणार? ज्यांचा नंबर कंपनीकडे नोंदवला आहे त्यांच्या. म्हणजे पुन्हा कार्यालयात. फलकावर लावलेला आलेख शिपाईमामाही वाचतात, आणि शनिवारी कूलरचे बटण बंद करणार आहेत तेच.

सौर पॅनेलांबद्दल थोडे. पॅनेले दुपारी वीज देतात आणि मे महिन्यात सर्वांत चांगली देतात. मे महिन्यात शाळा बंद. आपली सकाळची आणि दुपारची अधिवेशने मिळून विजेची मागणी कोणत्या तासाला चढते हे कळल्याशिवाय किती किलोवॉटची पॅनेले घालावीत हे विक्रेताच ठरवील. शिवाय 2023 मध्ये त्याच नियमांत आणखी एक दुरुस्ती झाली. तीनुसार विजेचा दर तासागणिक बदलावा, उन्हाच्या तासांत तो किमान 20 टक्के कमी असावा आणि जास्त मागणीच्या तासांत चढा असावा, असे धोरण आले. ते तास राज्याचा नियामक आयोग ठरवतो. हा दर शाळेला ज्या दिवशी लागू होईल त्या दिवशी टाकीचा पंप सकाळी सातला चालतो की दुपारी बाराला, याला पैशांत किंमत येईल. ज्यांच्याकडे तासांची नोंद आहे त्यांनाच ती किंमत काढता येईल.

एका गोष्टीत मात्र आम्ही सावध राहण्यास सांगू. विजेचा आलेख फार बोलका असतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉर्ज हार्ट यांनी 1980 च्या दशकात दाखवून दिले की घराबाहेरच्या एकाच मीटरवरील चढउतारांवरून आत फ्रिज कधी चालला, हीटर कधी लागला हे ओळखता येते. त्यांनी स्वतःच 1989 मध्ये या गोष्टीच्या गैरवापराविषयी लिहिले. नेदरलँड्सच्या सिनेटने 2009 मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती याच कारणास्तव नाकारली. घरात माणसे कधी नसतात, रात्री किती वाजता निजतात, हे आलेख सांगतो. म्हणून शाळेच्या फलकावर चालू दिवसाचा आलेख लावू नये, गेल्या आठवड्याचा लावावा. आणि मुलांनी घरच्या मीटरची नोंद घरच्या वहीतच ठेवावी. वर्गात कोणाच्या घरी एसी आहे आणि कोणाच्या घरी नाही याची चर्चा होता कामा नये. हे पाहणे शिक्षकांचे काम आहे आणि ते आलेख काढण्यापेक्षा अवघड आहे.

आपण बडोद्यात आहोत, ही या कामी सोय आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढले त्या गावात मुलांच्या हाती सोल्डरिंगची इस्त्री देण्यासाठी फार समर्थन करावे लागू नये. 1974 मध्ये स्थापन झालेली एर्डा ही संस्था मकरपुऱ्यात आहे आणि तेथे विजेच्या मीटरांची तपासणी होते. नववीची एक सहल तेथे नेता आली तर मीटर अचूक आहे म्हणजे काय, किती टक्के चूक मान्य असते, हे मुलांना तज्ज्ञांच्या तोंडून ऐकता येईल. सहल म्हटली की आपल्याला पावागडच आठवतो, म्हणून हे सुचवतो.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती एवढीच की तीन विषयांच्या आधी हा चौथा विषय घ्यावा आणि पहिल्या तिघांवरचा निर्णय सत्राच्या अखेरीपर्यंत थांबवावा. फक्त संगणक कक्षातील यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्या त्यासाठी थांबवू नयेत, त्या फुगल्या आहेत. संगणक नवा लागणार नाही, ग्रंथालयामागच्या खोलीत झाकून ठेवलेल्यांपैकी एक पुरेल. पालकांपैकी जे मकरपुरा किंवा गोरवा औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक्सचे काम करतात, आणि ज्यांना सेन्सर बसवून देण्यासाठी दोन शनिवार देता येतील, त्यांनी मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाईंना भेटावे. वहीचे पहिले पान दिवाळीच्या सुट्टीत लिहिले गेले आहे. ते बाईंकडे पाहायला मिळेल.